बांधावरची पांढरी तूर

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी १९८१

सौ. अंजनाताई यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आमच्या जुन्या शेतकी संशोधन केंद्रातून फिरत फिरत तीन आठवड्यांनी माझ्या हाती आलं. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली हे तिथल्या शिपायाला ठाऊक आहे, टपाल घेणाऱ्याला नाही. पत्राच्या माथ्यावर तुम्ही 'जय भीम' लिहिलंय. उत्तरात मीही तसंच लिहावं का, या विचारात अर्धा तास गेला आणि शेवटी सवयीनं नमस्कारच लिहिला गेला. राग मानू नये.

इकडे सर्व ठीक. मी आणि माझी थोरली बहीण अक्का, दोघंच असतो. तिचे गुडघे दुखतात, माझं डोकं. तुम्ही मलकापुरात शाळेवर शिक्षिका झालात हे वाचून आनंद झाला. १९६६ साली मी गारगोटीच्या पलीकडे तुमच्या गावी बी गोळा करायला आलो, तेव्हा दप्तर छातीशी धरून दारात उभी असलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी मला आठवते. त्या तुम्हीच असणार.

तुमची आई तानाबाई आता तुमच्याजवळ आहे, अंथरुणाला खिळली आहे आणि औषध मागत नाही, बांधावरची आपली पांढरी तूर मागते, असं तुम्ही लिहिलंय. ते बी मी नेलं होतं, ते परत मिळेल का, आणि केंद्राच्या वहीत तिचं नाव आहे का, असे दोन प्रश्न विचारलेत. शिक्षिकेचेच प्रश्न. उत्तरं द्यायलाच हवीत.

ती तूर मला चांगली आठवते. आजूबाजूच्या शेतातली तूर मर रोगानं उभी वाळून गेली होती आणि बांधावरची तुमची वीस-पंचवीस झाडं फुलली होती. तुमच्या आईनं सांगितलं होतं, की ते तिच्या माहेरचं बी. लेक सासरी जाताना आई तिच्या हातात तुरीची पुरचुंडी ठेवते, तिला तिच्या आईनं दिलेली, तिच्या आईला तिच्या आईनं. छप्पन साली घरातले देव गेले, पुरचुंडी राहिली, असंही ती म्हणाली होती. तुमच्या लग्नात तिला ती देता आली नाही हे मात्र मला तुमच्या पत्रातूनच कळलं. वाचून फार वाईट वाटलं.

तूर या पिकाचं मूळच मोठं मजेशीर आहे बघा. तुम्ही मुलांना सांगू शकाल. इजिप्तमधल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात तुरीचा दाणा सापडला आणि पंडितांनी लिहून टाकलं, की तूर मूळची आफ्रिकेतली. एकानं लिहिलं, ते दुसऱ्यानं उतरवून घेतलं. आम्ही शेतकी शाळेत तेच घोकलं. आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांतून ती वेस्ट इंडीज बेटांवर गेली, तिथं तिला काँगोचा वाटाणा म्हणतात. पण तुरीची रानटी भावंडं आफ्रिकेत सापडतात जेमतेम, आणि आपल्या सह्याद्रीत, ओरिसाच्या डोंगरांत, बस्तरच्या जंगलात हवी तेवढी. ज्याचं गणगोत जिथं, ते तिथलंच असणार. आता शहाणी माणसं म्हणू लागली आहेत, की ती आपल्याच देशातली आणि इथून तिकडे गेली. आज विदर्भ-मराठवाड्याच्या, गुलबर्ग्याच्या काळ्या रानात ती मैलोन्मैल दिसते. आपल्या कोल्हापूरच्या पावसाला ती टिकत नाही, म्हणून इकडे बांधावर, जिथं पाणी ठरत नाही तिथं लावतात. असो. पाल्हाळ झाला.

नावाबद्दल. नोंद बांधाचे मालक आकाराम चौगले यांच्या नावावर आहे. आमच्या चिठ्ठीवर शेतमालकाचं नाव मागितलेलं असे. नियमच तसा होता.

तुमच्या घरी त्या दिवशी जेवायचा आग्रह झाला होता, तोही आठवतो. गुरुवारचा उपास असल्यामुळे मला जेवता आलं नाही.

मी केंद्रात जाऊन बघतो. आईंना सांगा, मी खटपट करतोय.

आपला,
अंबादास हुपरीकर


कोल्हापूर
६ एप्रिल १९८१

सौ. अंजनाताई यांस,
स. न. वि. वि.

तुमची दोन्ही कार्डं मिळाली. दुसऱ्या कार्डावर एवढंच होतं, 'आई रोज विचारते.' त्याला उत्तर लिहायला पेन उचललं आणि चार वेळा खाली ठेवलं.

मी केंद्रात तीनदा जाऊन आलो. माझ्याच अक्षरातली १९६६ची वही निघाली. नमुना क्रमांक ११८. आता जे कळलं ते सांगतो. तुमच्या आईनं सगळंच बी मला दिलं होतं, मडकं उपडं करून. मी तिला शब्द दिला होता, की आम्ही ते पेरू, वाढवू आणि दुप्पट करून परत धाडू. झाडं बांधावर उभी होतीच, म्हणून तिनं पुढचा विचार केला नाही. शब्दाप्रमाणे अडुसष्ट साली दुप्पट बी केंद्रातून गेलंही. पण गेलं नोंदीतल्या पत्त्यावर, चौगल्यांच्या घरी. आकाराम आता नाहीत. त्यांच्या सुनेला मी पत्र घातलं, तिनं प्रामाणिकपणे कळवलं, की सरकारी पिशवीतून तूर आली होती एवढं आठवतं, भरडून डाळ केली आणि खाल्ली. त्याच साली त्यांनी विहिरीवर मोटार बसवली, बांध फोडला आणि ऊस लावला. तुमची झाडं त्यात गेली.

म्हणजे तुमची आई वाट बघत होती आणि बी दोन शेतं पलीकडे चुलीवर शिजत होतं. मला हे आत्ता, पंधरा वर्षांनी कळतंय. या पंधरा वर्षांत तुमच्या गावाला एक खेप घालायला मला काय झालं होतं, असं अक्का विचारते. 

आता बरी बातमी. केंद्राच्या कोठारात पांढऱ्या तुरीच्या काही जुन्या पिशव्या आहेत. चिठ्ठ्या पुसट झाल्या आहेत, काही भुंग्यांनी खाल्ल्या आहेत. मी पाच पुड्या घेऊन येतो. त्यांतली एक तुमची असावी. दाणा बघून मला सांगता येणार नाही, पण तुमच्या आईंना येईल.

रविवार दिनांक १९ला सकाळच्या एस.टी.नं निघतो. जेवायलाच येतो. उपास-तापास काही नाहीत.

आपला,
अंबादास हुपरीकर


कोल्हापूर
२४ जानेवारी १९८२

चि. अंजनास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

एकेरीवर आलो आहे. मेमध्ये तुझी आई गेली तेव्हा तू मला 'काका' म्हणून लिहिलंस, तेव्हापासून मनात होतं. आजचं पत्र वाचून झाल्यावर तुला वाटलं तर ते 'काका' परत घे.

तुझं पत्र आणि सोबतची अर्धा किलोची पिशवी मिळाली. जूनमध्ये तू तुझ्या नवऱ्याच्या, बाबासोंच्या शेताच्या बांधावर बी टोकलंस, ते उगवलं, शेंगा भरल्या, तू आणि लेक शालननं मिळून झोडपलं, पाखडलं, हे सगळं तू इतकं नीट लिहिलंयस की मला सूप वाजताना ऐकू आलं. शालनसाठी पुरचुंडी बांधून ठेवलीस. ती सात वर्षांची, तिचं लग्न कधी व्हायचं, पण पुरचुंडी तयार. आणि मला कोरी चिठ्ठी मागितलीस. ही तूर केंद्रात पुन्हा जमा करायची आणि या खेपेला नाव नीट लिहायचं, 'तानाबाई गणपती कुरणे'. चिठ्ठी माझ्याच हातानं भरावी असा तुझा हट्ट.

चिठ्ठी दहा दिवस टेबलावर पडून आहे. मी ती भरू शकत नाही. का, ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल.

१९६६च्या त्या दिवशी गुरुवार नव्हता. मंगळवार होता. मला उपास नव्हता, भूक होती. तुझ्या आईनं त्याच तुरीचं वरण केलं होतं, ताट वाढायला घेतलं होतं, आणि मी म्हणालो, आज माझा उपास. तिनं ताट झाकून ठेवलं. मग मडकं आणून माझ्या पिशवीत रिकामं केलं आणि म्हणाली, "घेऊन जावा की. पर म्होरल्या सालाला माघारी द्या. माझ्या आयचं बी हाय ते."

तिथून उठलो आणि चौगल्यांच्या सोप्यावर जाऊन पोटभर जेवलो. तू विहिरीवरून कळशी घेऊन येत होतीस. मी ताटावर होतो आणि तू रस्त्यावरून बघितलंस. मला वाटतं, तुला ते आठवतं. एकदाही तू ते लिहिलं नाहीस, म्हणून जास्तच वाटतं.

चिठ्ठी मी तिथं जेवल्यावर भरली. नियमच तसा होता असं तुला पहिल्या पत्रात लिहिलं, ते अर्धं खरं. चिठ्ठीवर दोन रकाने असत. एक शेतमालकाचा, दुसरा बी देणाऱ्याचा. पहिल्यात आकाराम चौगले लिहिलं, दुसऱ्यात पेन्सिलीनं तानाबाई. आकाराम खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "बांध माझा, तर तूर कुणाची?" नुकतंच त्यांचं जेवलो होतो. खोडरबर काढलं, नाव पुसलं आणि तिथं 'वरीलप्रमाणे' लिहिलं. दोन मिनिटांचं काम. त्यांनी धमकावलं नाही, मला कुणी विचारणारही नव्हतं. मला फक्त त्यांच्या सोप्यावर अवघडल्यासारखं होऊ नये असं वाटलं. एवढ्यासाठी तुमच्या घरातलं बी गेलं, आणि पंधरा वर्षं मी ते कागदाच्या माथी मारत राहिलो.

आता एप्रिलमधलं. मी लिहिलं होतं, की कोठारात पिशव्या आहेत आणि त्यांतली एक तुमची असावी. पहिला भाग खरा आहे. क्रमांक ११८ची पिशवी मात्र त्र्याहत्तर सालीच भुंग्यांनी संपवली होती, तसं वहीत लिहिलेलं मी मार्चमध्येच वाचलं होतं. बी दर चार-पाच वर्षांनी पेरून ताजं करावं लागतं. दुष्काळात केंद्रात पाणी कमी होतं, म्हणून पेरायची यादी लहान करायला मला सांगितलं. ११८वर काट मारणारा हातही माझाच. 'स्थानिक, नेहमीची' असा शेरा आहे.

मग मी काय आणलं? चार पुड्या दुसऱ्या जिल्ह्यांतल्या, पांढऱ्या दाण्याच्या, केंद्रातून मागून घेतलेल्या. पाचवी अक्काच्या डब्यातली. ती दर वर्षी अख्खी तूर घेऊन घरी डाळ करते. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेली, दुकानदार म्हणाला होता लातूरकडची. मला वाटलं, पाचांतली एखादी तरी म्हातारीला आपली वाटेल आणि तिचा जीव शांत होईल. मी ठरवून तुमच्या घरी खोटं घेऊन आलो होतो, हे तुला स्वच्छ कळावं.

पुढचं तू पाहिलंसच. तुझ्या आईला दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं कळत होतं. एकेक दाणा चोळायची, वास घ्यायची, उरलेल्या दोन दातांत धरून फोडायची. चार वेळा "न्हाय" म्हणाली. प्रत्येक वेळी तुझा चेहरा उतरत गेला आणि मी चोरासारखा पाचवी पुडी हातात धरून बसलो होतो. पाचवीचा दाणा तिनं खूप वेळ चावला. मग म्हणाली, "व्हय. हीच." तू रडायला लागलीस. बाबासोंनी माझे हात धरले. तू जेवायला वाढलंस आणि मी जेवलो. कसा जेवलो ते माझं मला ठाऊक.

तुला जे माहीत नाही ते आता. जेवणं झाल्यावर तू चहाला आत गेलीस. बाबासो शालनला घेऊन बाहेर होते. तुझ्या आईनं माझ्या दिशेनं हात पुढं केला, मनगट धरलं आणि हळू आवाजात बोलली.

"पावणं, ही पन माझी न्हाय. मला काय कळत न्हाय व्हय? पर पोरगी लई हिंडली माझ्यापायी. तिला रिकाम्या हातानं कशी धाडू? तुमी बोलू नगासा."

मी मान हलवली. तिला दिसत नव्हतं, म्हणून म्हणाली, तोंडानं बोला. मग मी म्हणालो, नाही सांगणार. तिनं हात सोडला. तू चहा घेऊन आलीस आणि म्हणालीस, की आज किती महिन्यांनी आई हसली.

हे पोटात घेऊन मी सहज मेलो असतो. अक्का म्हणते, मेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडू नकोस, तिला जे हवं होतं ते झालं. ती म्हणते त्यात तथ्य आहे. पण तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टींमुळे मला गप्प बसवेना.

एक तर ती चिठ्ठी. एकदा मी तिच्या बियाण्यावर दुसऱ्याचं नाव लिहिलं. आता दुसऱ्याच्या बियाण्यावर तिचं नाव लिहू? तो कागद पुढची पन्नास वर्षं कुणीतरी उतरवून घेत राहील. गारगोटीची मर न लागणारी तूर म्हणून कुणी ही पेरील आणि ती वाळून जाईल, आणि दोष तुझ्या आईच्या बियाण्याला लागेल.

दुसरी गोष्ट तू पत्राच्या कडेला, उभ्या ओळीत लिहिली होतीस. नव्या तुरीचं वरण केलं, पण आईच्या वरणाची चव आली नाही, माझाच हात वाईट. चारदा करून बघितलं, असं लिहिलंस. अंजना, तुझ्या हाताचा काही दोष नाही. ती तूरच वेगळी होती. तू आयुष्यभर चुलीपुढं बसून स्वतःला बोल लावत राहावंस, हे तुझ्या आईला तरी चाललं असतं का? मला वाटतं, तिनं इथवर विचार केला नसेल. तिच्या डोळ्यांपुढे फक्त त्या दिवशीचं तुझं तोंड होतं.

त्या तुरीच्या वरणाची चव मला माहीत नाही. मला ती चाखायची संधी होती आणि मी उपास सांगितला. आता ती माहीत असलेलं माणूस जगात बहुधा तू एकटी आहेस. ती कशी होती ते शालनला सांग, किंवा लिहून ठेव. माझ्याकडून ते होण्यासारखं नाही.

परवा केंद्रात जाऊन आलो. तिथं आता नंदिनी म्हणून अधिकारी आहे, माझ्या हाताखाली शिकलेली. तिला सगळं सांगितलं, उपासापासून. ती म्हणाली, जुन्या नोंदीत खाडाखोड करता येत नाही, पण दुरुस्ती म्हणून शेजारी लिहून सही करता येते. मी लिहिलं, सही केली, खाली तारीख घातली. ओळ आता अशी आहे: 'क्रमांक ११८. तूर, पांढरी, बांधावरची, मर न लागणारी. शेतमालक आकाराम चौगले. बी देणारी तानाबाई गणपती कुरणे. बी तिच्या आईचं. शिल्लक नाही.' लिहून होईपर्यंत नंदिनीनं वही धरली होती.

तू पाठवलेलं अर्धा किलो बी सोबत परत पाठवतो. त्यावर मी चिठ्ठी लावली आहे. 'मूळ ठिकाण' पुढं लिहिलंय, बहुधा लातूरकडची, बाजारातून. 'वाढवलेलं ठिकाण' मलकापूर. 'बी देणारी' पुढं तुझं नाव आहे. एवढं खरं आहे, यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. शालनची पुरचुंडी सोडायची की तशीच ठेवायची, हे तू ठरव. ठेवलीस तर तिला सांग, की हे आजीच्या आईचं बी नाही, हे तुझ्यापासून सुरू झालं.

क्षमा मागत नाही. ज्या बाईकडं मागायची, तिच्यासमोर बसलो होतो, तेव्हा मी जेवण करून चहाची वाट बघत होतो. तू उत्तर लिहिलंच पाहिजेस असं नाही. पण पोस्टमन आमच्या गल्लीत साडेअकराला येतो, आणि मी त्या सुमारास दारात असेन.

शालनला आशीर्वाद. बाबासोंना नमस्कार.

तुझ्या आईला दिलेले दोन्ही शब्द मोडलेला,
अंबादास हुपरीकर